पोस्टकार्डाएवढे रबर

नांदेडला टायर आणि व्हील अलाइनमेंटच्या कामात उभे राहिले की लहान, चपळ गाड्यांचे मालक लांबूनच ओळखू येतात. स्विफ्ट, पोलो जीटी, आय-20 एन लाइन, क्वचित एखादी अबार्थ पुंटो. गाडी रॅम्पवर चढण्याआधीच त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: यात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल? त्याच्या मागोमाग दुसरा: मोठे अलॉय टाकले तर कशी दिसेल? टायरचे रबर कसले आहे, तो कधी बनला आहे, ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबवेल, हे प्रश्न फार उशिरा येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. एवढ्या गाड्यांचे उतरवलेले टायर हाताखालून गेल्यावर माझे मत पक्के झाले आहे. आपल्या भागात चपळ गाडीचे टायर बदलताना पैसा रुंदीवर आणि रिमवर घालू नये, रबरावर घालावा. माप कंपनीने दिलेलेच ठेवावे आणि टायरचा दर्जा एक पायरी वर न्यावा. हे मत सगळ्यांना पटत नाही आणि न पटणाऱ्यांच्या हरकती बिनबुडाच्याही नाहीत, म्हणून ते नीट मांडायला हवे.

सुरुवात गाडी रस्त्याला जिथे टेकते तिथून करू. पेट्रोल स्विफ्टमध्ये दोन माणसे बसली की वजन साधारण एक टनाच्या आसपास जाते. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे 310 किलोचा भार येतो. टायरमध्ये 33 पीएसआय हवा असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला ती साधारण 2.3 किलो वजन उचलते. भागाकार केला की उत्तर येते सुमारे 135 चौरस सेंटीमीटर. आपले पोस्टाचे कार्ड 14 बाय 9 सेंटीमीटरचे, म्हणजे 126 चौरस सेंटीमीटरचे. पुढचे प्रत्येक चाक पोस्टकार्डापेक्षा थोड्याशाच मोठ्या रबराच्या तुकड्यावर उभे असते, मागचे त्याहूनही लहान तुकड्यावर. इंजिनाची सगळी ताकद, ब्रेकचा सगळा जोर आणि वळणावरचा सगळा ताण याच चार तुकड्यांतून रस्त्यात उतरतो. आता यातली मुख्य गोष्ट अशी की या तुकड्याचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली तर तुकडा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. रुंदीसाठी मोजलेल्या पैशात रबर जास्त टेकते असे जे वाटते, ते बरेचसे डोळ्यांचे समाधान असते.

यावर हरकत येते की मग शर्यतीच्या गाड्यांना एवढे रुंद टायर कशाला? प्रश्न रास्त आहे. आडवा पसरलेला तुकडा वळणावर कमी पिळला जातो, त्यामुळे कोरड्या, गुळगुळीत, स्वच्छ रस्त्यावर रुंद टायर वळणाला खरोखर जास्त घट्ट धरतो. मऊ रबराला भार पसरलेला मानवतो आणि उष्णताही जास्त जागेत वाटली जाते. पण हे सगळे रबर त्या दर्जाचे असेल तर, आणि रस्ता तसा असेल तर. बाजारात रुंद टायर घेणारा पुष्कळदा रुंदीचे पैसे भागवण्यासाठी दर्जात एक पायरी खाली उतरतो आणि तिथेच सगळा हिशेब उलटतो. शिवाय मोठे रिम आणि रुंद टायर मिळून चाक जड होते. जड चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, खड्ड्यातून वर उडाल्यावर ते सस्पेन्शनला उशिरा आवरते. ज्या चपळपणासाठी गाडी घेतली, तोच थोडा कमी होतो.

मापाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. 185/65 आर 15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची भिंत त्या रुंदीच्या 65 टक्के उंच, म्हणजे 120 मिलिमीटर, आणि रिम 15 इंची. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 येतो, वरच्याला 185/65 आर 15. पहिल्याच्या पूर्ण चाकाचा व्यास सुमारे 620 मिलिमीटर निघतो, दुसऱ्याचा सुमारे 621. 195/55 आर 16 चाही हिशेब केला तर तोही 621 च्याच घरात येतो. चाकाची उंची तीच राहते. बदलते ती भिंत: 132, मग 120, मग 107 मिलिमीटर. सतरा इंचांवर 205/45 टाकला तर ती 92 वर येते. म्हणजे प्रत्येक इंच रिमसाठी आपण बाजूच्या भिंतीतून सव्वा ते दीड सेंटीमीटर रबर आणि हवा काढून देतो. ज्यांना हे गणित माहीत नसते ते उलटी चूकही करतात. गाडी उंच दिसावी म्हणून 185/65 च्या जागी 205/65 आर 15 बसवतात. त्यात व्यास चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आधीच्या हिशेबाने काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी 104 ने धावत असते. कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेले माप चालते. त्याबाहेर गेलात तर अपघातानंतर विम्याच्या सर्वेअरपुढे वाद घालायची पाळी येऊ शकते.

ही भिंत आपल्याकडे का लागते, ते नांदेड-लातूर रस्त्यावरून एकदा डोळे उघडे ठेवून गेले की कळते. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. सिमेंटचे रस्ते लाटा मारत नाहीत, पण त्यांच्या सांध्यांवर चाक ठोके खात जाते, आणि जिथे सिमेंट संपून जुने डांबर सुरू होते तिथे अनेकदा चांगली पायरी असते. गावाजवळ पट्टे न मारलेले गतिरोधक असतात. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते आणि त्याभोवती दगड मांडलेले असतात. रास उचलली जाते, दगड तिथेच राहतात. अशा दगडावर किंवा खड्ड्याच्या धारेवर वेगात चाक आदळले की बाजूची भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते. बाहेरून काही दिसत नाही. आतले धागे मात्र तुटतात. मग काही दिवसांनी, कधी त्याच संध्याकाळी, भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. बोटाने दाबला तर तो मऊ लागतो, कारण तिथे हवेला अडवायला आता फक्त पातळ रबर उरलेले असते. हा फुगा दुरुस्त होत नाही. आतून पॅच लावून देणारे भेटतात, पण पॅच भोक बुजवतो, तुटलेले धागे जोडत नाही. असा टायर महामार्गावर नेऊच नये. फुगा आलेल्या टायरांत कमी उंचीच्या भिंतीचे टायर किती जास्त असतात, हे या कामातल्या कोणालाही विचारून पाहा. 14 इंची उंच टायर तोच दगड खाऊन पुढे जातो.

मग रबराकडे वळू. इथे नेहमीची हरकत असते: मराठवाड्यात पाऊसच किती पडतो? ओल्या रस्त्याची पकड कोकणवाल्यांनी बघावी, आपण जास्त चालणारा कडक टायर घ्यावा. पण पाऊस कमी असणे आणि ओला रस्ता कमी धोक्याचा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सात-आठ महिने कोरडा राहिलेला रस्ता डिझेल-ऑइलचे थेंब, घासलेल्या टायरांची पूड आणि धूळ यांचा थर धरून बसतो. जूनची पहिली सर पडते तेव्हा त्याचा साबणासारखा लेप होतो. त्यात शेतातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर आणून टाकतो. गळीत हंगामात रात्री उसाच्या दुहेरी ट्रॉल्या मागचा दिवा नसताना समोर येतात. आणि पाऊस कमी म्हणायचे दिवसही राहिलेले नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये मराठवाडाभर अतिवृष्टीने काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे ओल्या रस्त्याचे दिवस थोडे असतात, पण चालकाला त्याची सवय नसते, म्हणून तर टायरवर जास्त भार पडतो.

फरक किती पडतो, ते साध्या हिशेबाने दिसते. ओल्या रस्त्यावर एका टायरची पकड 0.6 धरा आणि दुसऱ्या, कडक टायरची 0.5. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, पण असा फरक असू शकतो. ताशी शंभरच्या वेगाने ब्रेक दाबला तर पहिली गाडी सुमारे 66 मीटरवर उभी राहते, दुसरी 79 मीटरवर. फरक 13 मीटरचा, म्हणजे स्विफ्टच्या तीन लांब्यांहून जास्त. पण मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी 40 किलोमीटर असतो. ट्रॉलीच्या मागे थांबणे आणि ताशी 40 ने ट्रॉलीखाली घुसणे यातला हा फरक आहे, आणि दोन्ही गाड्यांच्या टायरचे माप तेच असू शकते. म्हणून टायर घेताना तो कंपनीने कशासाठी बनवला आहे हे विचारावे. एकाच कंपनीकडे दोन वेगळ्या कामांचे टायर असतात. गुडइयरचे उदाहरण घेऊ, ज्यांचा एक कारखाना आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला आहे. त्यांचा ड्युराप्लस जास्त चालण्यासाठी म्हणून विकला जातो आणि ट्रिपलमॅक्स ओल्यात लवकर थांबण्यासाठी. सिएटच्या मिलेझचे नावच सांगते की तो लाइफसाठी आहे. टॅक्सीला, रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लाइफचा टायर योग्यच. 105 अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय त्याच टायरवर चालवणे मात्र त्या गाडीवर अन्याय आहे.

सगळ्यात खरी हरकत पैशाची असते आणि ती मी हलकी मानत नाही. मऊ, चांगल्या पकडीचा टायर लवकर झिजतो आणि महागही असतो, मग सामान्य माणसाने काय करावे? याचे उत्तर नव्या टायरच्या किमतीत शोधू नये, उतरवलेल्या जुन्या टायरवर शोधावे. टायर खाली काढला की त्यावरून तळहात आडवा फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा टोचतो, तेव्हा अलाइनमेंट बिघडलेली होती. दोन्ही कडा घासल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. मध्येच घासला असेल तर जास्त होती. फक्त आतली कड तारेपर्यंत गेली आणि बाहेरून टायर नवा दिसतो, ही तर सगळ्यात फसवी गोष्ट, कारण मालक ती बाजू कधी बघतच नाही. असे टायर एवढे येतात की माझी खात्री झाली आहे: आपल्याकडचे बहुतेक टायर त्यांचे लाइफ संपल्यामुळे मरत नाहीत, हवेने, अलाइनमेंटने, दगडाने आणि वयाने मरतात. साठ हजार किलोमीटरचा टायर घेऊन तो हवेअभावी पस्तीस हजारांत घालवण्यात काटकसर नाही. आणि घरची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालत असेल, तर पाच-सहा वर्षांत नक्षी शिल्लक असतानाच रबर म्हातारे होते. भिंतीच्या बुडाशी बारीक भेगा दिसू लागतात, नख रुतेनासे होते. अशा मालकाने लाइफसाठी जादा पैसे दिले, तर जे किलोमीटर तो कधी चालवणारच नाही त्यांचे पैसे दिले.

वयाचा हा मुद्दा खरेदीच्या वेळीच लागू होतो. टायरच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. 2225 असेल तर 2025 सालच्या 22 व्या आठवड्यात बनलेला. कधी ते एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाते, म्हणून टायर रिमवर चढण्याआधी वाचावे. आयएसआयची खूणही तिथेच दिसते. जून 2020 पासून बाहेर देशांतून टायर आणायला सरकारी परवाना लागतो. तेव्हापासून काही नावाजलेल्या परदेशी टायरांची ठराविक मापे मिळणे अवघड झाले. मालक त्याच टायरचा हट्ट धरतो आणि कुठल्या तरी गोदामातला तीन-चार वर्षे पडून असलेला जोड जास्त पैसे मोजून घेतो. नाव मोठे म्हणून जुने रबर मऊ होत नाही. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला टायर तर लवकरच कडक होतो. त्यापेक्षा इथे बनलेला ताजा, चांगल्या दर्जाचा टायर केव्हाही बरा. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जो फरक वाचतो तो दर्जाची एक पायरी चढायला वापरता येतो.

चारही टायर एकदम बदलणे सगळ्यांना जमत नाही. दोनच घ्यायचे असतील तर नवे पुढे बसवा, असे जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक सांगते, कारण पुढची चाके गाडी ओढतात, वळवतात, लवकर झिजतात. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र नवे मागे लावा म्हणतात आणि त्यांचे बरोबर आहे. ओल्या रस्त्यावर पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते. चालकाला ते स्टिअरिंगमध्ये कळते आणि पाय काढला की ती बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडीची शेपटी पुढे येते आणि आखूड, हलकी, जोरकस गाडी काय होतेय हे कळायच्या आत फिरलेली असते. पुढे मागचे बऱ्या अवस्थेतले जुने टायर, मागे नवे. हे सांगताना दर वेळी वाद होतो, पण तो वाद घालण्याजोगा आहे. आणि ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे, तो त्या बाणाप्रमाणेच बसला की नाही ते खाली वाकून पाहावे.

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून, विशेषतः 2023 च्या उन्हाळ्यापासून, टायर फुटण्याची चर्चा घरोघरी पोहोचली. आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. नांदेडकर जालन्याहून किंवा वाशिम जिल्ह्यातून त्या रस्त्याला लागतात आणि तासन् तास एकशे वीसने जातात. लोक म्हणतात सिमेंटने टायर तापतो. तापतो, पण जास्त तापतो तो हवा कमी असलेला, कारण त्याची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त मुडपते. इथे गैरसमज फार आहेत. रेडियल टायरची भिंत खाली थोडी फुगलेली दिसते, तो तिचा स्वभावच आहे, पण ते पाहून लोक हवा वाढवतात. मे महिन्याच्या दुपारी उलट होते. सकाळी 25 अंशांना भरलेली 33 पीएसआय हवा 45 अंशांत 36 दाखवते, मग घाबरून ती काढली जाते आणि रात्री टायर खरोखर कमी हवेवर धावतो. नायट्रोजनने हे सगळे टळते असा समज आहे. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरण्यात तोटा नाही, पण तो भरला म्हणून महिनोन् महिने मोजायचे नाही, यात तोटा आहे. साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागण्याचा वेगही दाबावरच ठरतो. विमानांच्या चाकांवरून निघालेले नासाचे जुने, ढोबळ सूत्र लावले तर 33 पीएसआयला तो ताशी सुमारे 96 किलोमीटर येतो आणि 25 ला 83. घासलेली नक्षी तो आणखी खाली आणते. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की कायद्याने टायर संपला. चपळ गाडीसाठी मी तोपर्यंत थांबू नका असेच सांगतो. 3 मिलिमीटरवर, पावसाळ्याच्या आधी, बदला.

नवे टायर बसवून घरी गेलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजा. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, टायरच्या भिंतीवरचा नव्हे. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळून घ्या. ते काम पाच मिनिटांचे आहे.